कूलंट बदलल्यावर गाडी तापली, तर हेड उघडण्याआधी हवा काढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चवथीच्या तोंडावर गाडीचं सर्व्हिसिंग उरकून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक, आणि त्याच बिलात आता कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणीही असतं. मग आठवड्याभरात तक्रार येते की कूलंट बदलेपर्यंत गाडी ठणठणीत होती, बदललं आणि तापमानाचा काटा वर जायला लागला. कोणी म्हणतो थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची पाण्याची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, कोणी रेडिएटर बदलायला सांगतो, आणि बघता बघता विषय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचं हेड (वरचा भाग) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीवर येतो. अशा बऱ्याच गाड्यांचं खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. आत हवा अडकलेली असते. ती काढायला अर्धा-पाऊण तास लागतो. हेड उतरवून फेस मारून (घासून सपाट करून) आणायला किती दिवस आणि किती पैसे जातात, ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. गाडीवाल्यांना आणि नव्याने धंद्यात आलेल्या पोरांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र.

हवा राहते कशी, ते आधी पाहू. रेडिएटरचा खालचा प्लग उघडला की तो रिकामा होतो. इंजिनाच्या ब्लॉकमधलं आणि डॅशबोर्डमागच्या हीटरमधलं पाणी मात्र थोडं उतरतं, थोडं तसंच राहतं. वरून नवं कूलंट ओतलं की ते खालच्या जागा भरतं आणि हवा वरच्या जागी कोंडते: हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या खाली, हीटरच्या नळ्यांत. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, बहुतेक गाड्यांत तो ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. त्याच्या चकतीला बहुधा एक बारीक भोक असतं आणि त्यात एक सैल पिन लोंबकळत असते. हवा निसटायची वाट तीच. थर्मोस्टॅट नवा बसवताना ही पिन वरच्या बाजूला यायला हवी. खाली गेली की भोक पाण्यात बुडतं आणि हवा वर कोंडून राहते. वॉटर बॉडीचा, म्हणजे पाण्याच्या पंपाचा पंखा हवेत फिरला तर पाणी ढकलत नाही, आणि हेडमध्ये जिथे हवा आहे तिथला धातू कोरडा भाजत राहतो.

अशा वेळी काट्यावर विसंबू नये. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा असेल तर हेड तापलेलं असतानाही काटा मधोमध शांत दिसतो, मग वाफेचा भपकारा सेन्सरवर आला की एकदम लाल रेघेवर उडी मारतो आणि मिनिटभरात परत खाली येतो. काटा असा नाचायला लागला की पहिला संशय हवेवर घ्यावा. दुसरी खूण डॅशबोर्डमागे ऐकू येते, गाडी सुरू करताना किंवा ॲक्सिलरेटर देताना पाणी खळखळल्यासारखा आवाज. तिसरी खूण हीटरची. इंजिन चांगलं तापलंय, हीटर पूर्ण गरमवर आहे आणि वारा थंडच येतोय, तर हीटरपर्यंत पाणी पोचत नाही. म्हणजे आत हवा आहे किंवा पाणीच कमी आहे.

सगळ्यांत सोपी परीक्षा मात्र मापाची आहे, आणि ती फारसं कोणी करत नाही. काढलेलं जुनं कूलंट खुणा असलेल्या डब्यात धरा. सव्वातीन लिटर निघालं आणि भरताना अडीच लिटरवरच रेडिएटर काठोकाठ झाला, तर राहिलेल्या पाऊण लिटरच्या जागी हवा आहे. यात वाद घालण्यासारखं काही नाही. हा हिशेब बिलावर लिहिण्याची सवय लागली तरी निम्मी भांडणं मिटतील.

आता हवा काढण्याचं. गाडी पूर्ण थंड हवी. पुढची चाकं उंचावर येतील अशी उभी करायची, चढावर असेल तर उत्तम, नाहीतर जॅक आणि स्टँडवर. रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर आलं पाहिजे. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर एकवर, एसी बंद. रेडिएटरचं झाकण काढून कूलंट बारीक धारेनं ओतायचं. घाईघाईत भडाभडा ओतलं की हवा वर यायच्या आतच तोंड भरतं आणि भरलं असं वाटतं. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या होजवर (रबरी नळीवर) हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून ठेवायचा आणि त्यातून बुडबुडे न येता सलग धार आली की बंद करायचा. हा स्क्रू पुष्कळ गाड्यांत प्लॅस्टिकचा असतो, तो हाताच्या जोरापुरताच आवळावा. पान्यानं पिळला की तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढण्यातच पुढचा दिवस जातो.

मग इंजिन चालू करून आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता सोडायचं. वरचा जाड होज अधूनमधून जाड फडक्यानं धरून दाबायचा, दर दाबाला बुडबुडे येताना दिसतात. दहा-पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटरमधली पातळी एकदम खाली जाते आणि वरचा होज गरम लागतो. याच क्षणी थोडं थोडं भरत राहायचं. इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवर काही सेकंद धरून सोडलं की उरलेली हवा सुटते. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत थांबावं. हीटरमधून चांगला गरम वारा यायला लागला, दोन्ही होज गरम झाले आणि बुडबुडे थांबले की झाकण लावायचं. एवढ्यावर काम संपत नाही. गाडी पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, झाकण उघडून पातळी पाहावी आणि बाजूच्या बाटलीत किमान व कमाल या रेघांच्या मधोमध भरावं. पुढचे दोन-तीन दिवस ही पातळी थोडी खाली जाणं स्वाभाविक आहे. रोज जात राहिली तर गळती शोधा.

काही नव्या गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर नसून कूलंटच्या टाकीवरच असतं. तिथे टाकीतूनच भरायचं असतं आणि हवाही तिथूनच निघते. इलेक्ट्रिक वॉटर पंप असलेल्या गाडीत, हायब्रिडमध्ये तर विशेषच, तो पंप स्कॅनरवरून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावरून) फिरवल्याशिवाय हवा सहसा निघत नाही. तिथे अंदाजपंचे करू नये.

गोव्यातल्या गाड्यांचं एक दुखणं खास आपलं आहे. इथे हीटर कोणी लावतच नाही. केबलवर चालणारा हीटरचा व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या गाड्यांत तो वर्षानुवर्षं बंदच राहून गंजून अडकतो. कूलंट बदलताना हीटर गरमवर ठेवला तरी व्हॉल्व्ह उघडलेलाच नसतो. जुनं गढूळ पाणी हीटरमध्ये तसंच राहतं आणि पुढे नव्यात मिसळतं. अशा गाडीत बॉनेट उघडून व्हॉल्व्हची कांडी हलते का ते डोळ्यांनी पाहावं. एरवीही महिन्यातून एकदा पाच मिनिटं हीटर लावावा, उकाड्यात घाम निघेल तेवढाच.

हवा काढूनही गाडी तापत असेल, तर ती केव्हा तापते ते विचारा. पर्वरीच्या किंवा फोंड्याच्या जाममध्ये उभी असताना तापते आणि चालायला लागली की उतरते, तर संशय पंख्यावर. एसी लावून पाहा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा लागायलाच हवा. लागला नाही तर फ्यूज, रिले आणि पंख्याचा कनेक्टर बघा. रेडिएटरजवळ काम करताना कनेक्टर सुटून तसाच राहिलाय, असं पुष्कळदा सापडतं. एसीवर पंखा लागतो पण तापल्यावर लागत नाही, तर सेन्सर किंवा त्याच्याभोवतीची हवा. उलट सपाटीवर, जाममध्ये गाडी शांत, आणि अनमोडचा किंवा चोर्ल्याचा चढ लागला की तापते, तर पाण्याचा किंवा वाऱ्याचा प्रवाह कमी पडतोय: रेडिएटर आतून चोंदलेला, पात्यांत बाहेरून धूळ बसलेली, थर्मोस्टॅट अर्धाच उघडणारा, किंवा खालचा होज पंपाच्या ओढीनं चपटा होणारा. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांचा रेडिएटर लाल मातीनं लिंपलेला असतो. तो साध्या नळीच्या पाण्यानं, इंजिनाच्या बाजूनं बाहेर धुवावा. जोराच्या प्रेशर गननं पाती वाकतात आणि हवा कायमची अडते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या सल्ल्याबद्दल. आपल्याकडे कुठे थंडी, थर्मोस्टॅट कशाला हवा, हे फार ठिकाणी ऐकू येतं. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हायवेवर कधी पुरतं तापतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि स्कॅनरवर पी ०१२८ हा बिघाडाचा कोड येतो. त्यात ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटचं खालचं टोक रेडिएटरला वगळून जाणारी आडवाट बंद करतं, तिथे तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. खराब असेल तर बदला. गॅसवर पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत टांगून तो कितीवर उघडतो ते पाहता येतं, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

गाडी तापत नाही पण कूलंटच्या कामानंतर नीट चालत नाही, अशीही एक जात आहे. आयडल वर-खाली होतं, मिसिंग येतं (इंजिन ठोके चुकवतं), काळा धूर येतो किंवा पंखा चावी फिरवल्यापासून थांबतच नाही. पंखा सतत फिरतोय आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय, तर सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिला असेल. सर्किट उघडं असल्याचा कोड बहुधा पी ०११८ येतो. मिसिंग असेल तर कूलंट सांडून स्पार्क प्लगच्या खड्ड्यात गेलं का ते पाहा. कॉइल उपसून खड्डा कोरडा करायचा, हवेच्या नळीनं फुंकायचा, आणि मगच प्लगला हात लावायचा, नाहीतर साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीखालून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाखालून) कूलंटच्या दोन बारीक नळ्या जातात. त्यांत हवा राहिली तरी आयडल झोके घेतं. बेल्टवर कूलंट उडालं असेल तर सकाळी किंचाळतो, साध्या पाण्यानं धुऊन सुकवला की गप्प होतो.

झाकणाकडे फार कमी लोक लक्ष देतात. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. अर्धं कूलंट, अर्धं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७-१०८ अंशांवर उकळतं. दाबाखाली तेच सव्वाशेच्या आसपास टिकतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा चिरलं की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळून बाटलीत जातं आणि तिथून बाहेर. झाकणाच्या मधोमध एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. तो अडकला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असतो. नवं झाकण त्याच आकड्याचं घ्यावं. जास्त दाबाचं लावून फायदा नाही, सगळ्यांत कमकुवत होज आधी जातो.

जुन्या गाडीत फ्लश करून घेतल्यावर गळती सुरू झाली, तर फ्लश केमिकलनं गाडी बिघडवली असं म्हणतात. खरं म्हणजे गंजाचा थर बारीक भोकं बुजवून बसला होता, तो निघाला. रेडिएटरच्या खालच्या प्लगची रबर रिंग, होजचे क्लॅम्प जुन्या खाचेतच बसले का, आणि वॉटर बॉडीखालचं बारीक भोक, या तीन जागा आधी पाहाव्यात. त्या भोकातून थेंब येत असतील तर पंपाचं सील गेलंय, पंप बदला. गळती बंद करायची पावडर टाकण्याचा मोह टाळावा. ती हीटरच्या बारीक नळ्या पहिल्या बुजवते.

एवढं सगळं होऊनही भागलं नाही, तरच हेड गॅस्केटचा विचार. हवा अडकल्याचे बुडबुडे मोठे असतात, थांबून थांबून येतात आणि हळूहळू संपतात. गॅस्केट गेलेल्या इंजिनात थंड असतानाच बारीक बुडबुडे सलग येतात आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढतात. सकाळी पहिल्या स्टार्टनंतर दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्या द्रवातून ओढतात, गॅस असेल तर निळा रंग पिवळा पडतो. हेड उघडायला सांगणाऱ्याकडून ही चाचणी आधी आपल्यासमोर करून घ्यावी.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून घाबरू नका, आपल्या पावसाळ्यात तर नाहीच. घर ते बाजार अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमट हवेचं पाणी झाकणाखाली साठतं आणि ऑइलमध्ये फेटलं जातं. डिपस्टिकवरचं ऑइलही कॉफीत दूध घातल्यासारखं झालं असेल आणि कूलंट बाहेर न गळता कमी होत असेल, तेव्हा मात्र इंजिन चालू करू नये.

आता मिश्रण. कूलंट दोन तऱ्हांनी मिळतं: घट्ट, ज्यात डिस्टिल्ड पाणी मिसळायचं असतं, आणि तयार, ज्यात थेंबही मिसळायचा नसतो. बाटली एकसारखीच दिसते, लेबल वाचणं भाग आहे. घोटाळा होतो तो फ्लशनंतर. समजा गाडीत एकूण ५ लिटर मावतं. साध्या पाण्यानं धुतलं, प्लग उघडला, ३ लिटर उतरलं. ब्लॉक आणि हीटरमध्ये २ लिटर पाणी तसंच आहे. वरून ३ लिटर तयार (अर्धंअर्धं) कूलंट ओतलं, तर त्यातलं खरं कूलंट दीड लिटर, म्हणजे ५ लिटरात अवघं ३० टक्के. अर्धंअर्धं हवं असेल तर अडीच लिटर घट्ट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं. आपल्या गाडीचं माप मॅन्युअलमध्ये असतं, तिथूनच घ्या. उलट बाजूनं, नुसतं घट्ट भरणंही चूक. निव्वळ ग्लायकॉल (घट्ट कूलंटमधला मुख्य घटक) पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेलात की गाडी जास्त तापते.

बर्फ पडत नाही तिथे कूलंट कशाला, हा युक्तिवादही टिकत नाही. आपल्याला हवा आहे तो उकळबिंदू आणि गंजरोधक. विहिरीचं पाणी तर घालूच नये. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असतं, किनाऱ्याकडच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि त्यातलं मीठ ॲल्युमिनियमचं हेड पोखरतं. डिस्टिल्ड पाण्याचा ५ लिटरचा कॅन बॅटरीवाल्याकडे मिळतो.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, गुलाबी, निळं हे रंग कंपनीच्या मर्जीचे आहेत, त्यांना कसलंही प्रमाण नाही. आत गंजरोधक म्हणून सिलिकेट आहे की सेंद्रिय आम्ल, ते लेबलावर किंवा मॅन्युअलमध्ये सापडतं. दोन वेगळ्या जातींची सरमिसळ केली की गंजरोधकाचं आयुष्य घटतं आणि कधी कधी जेलीसारखा गाळ धरतो. आधी कुठलं होतं हे माहीत नसेल तर पूर्ण धुऊन एकच जात भरावी.

रस्त्यात काटा लाल झाला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला. वाफ दिसत असेल तर लगेच इंजिन बंद. झाकणाला किमान पाऊण तास हात लावायचा नाही, नंतरही जाड फडकं टाकून पाव फेरा फिरवून दाब जाऊ द्यायचा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. हेड वाकतं किंवा तडकतं, आणि जे काम अर्ध्या तासात झालं असतं ते खरोखरच हेडपर्यंत जातं.

शेवटी गॅरेजवाल्यांना आणि पंचायतींना एक विनंती. जुनं कूलंट गटारात किंवा मागच्या परसात ओतलं जातं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लहान मुलालाही थोडंसं पुरतं. उरलेलं कूलंट सरबताच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवणारी घरं आहेत, ते आजच थांबवावं. गॅरेजांनी जुन्या ऑइलसाठी जसा पिंप ठेवलेला असतो, तसा कूलंटसाठी वेगळा, झाकणाचा ठेवावा, दोन्ही एकत्र करू नयेत. पंचायतींनी परवाना नूतनीकरणाच्या वेळी हा पिंप आहे का एवढं पाहावं. आणि ग्राहकांनी बिलावर चार गोष्टी मागून घ्याव्यात: कूलंटची जात, घट्ट की तयार, किती लिटर निघालं, किती लिटर भरलं.

आपले,
मोटार दुरुस्तीच्या धंद्यातले दोघे कारागीर,
फोंडा, गोवा